नवी ड्रेनेज लाइन: तुमचा वाटा कसा ठरतो आणि हरकती का फेटाळल्या जातात

रस्त्यावर नवी मलवाहिनी टाकायची ठरली की बऱ्याच शहरांत तिचा सगळा किंवा काही खर्च त्या रस्त्यालगतच्या मिळकतींवर वाटला जातो. बहुतेकांना हे मागणीची नोटीस आल्यावर कळतं, आणि तोवर हरकतीची मुदत उलटलेली असते.

वाटा कोणावर बसतो? ज्या मिळकतीला त्या लाइनवर जोडणी घेता येईल, तिच्यावर. तुम्ही जोडणी घेतली की नाही, हे सहसा पाहिलं जात नाही. म्हणून रिकामा प्लॉटही सुटत नाही आणि ‘आमचा सेप्टिक टँक उत्तम चालतो’ हे कारणही टिकत नाही. ‘आम्हाला लाइन नको’ एवढंच लिहिलेली हरकत हमखास फेटाळली जाते. हरकत मापावर घ्या.

वाटणी साधारण तीन प्रकारे होते: रस्त्याकडची दर्शनी लांबी, प्लॉटचं क्षेत्रफळ, किंवा प्रत्येक मिळकतीला सारखा हिस्सा. समजा, लाइनलगतची एकूण दर्शनी लांबी २२० मीटर, एकूण क्षेत्र ४,००० चौरस मीटर आणि मिळकती १६ आहेत. तुमचा प्लॉट ११ मीटर दर्शनी आणि १८० चौरस मीटरचा असेल, तर वाटा अनुक्रमे ५, ४.५ आणि ६.२५ टक्के येतो. त्यामुळे कोणती पद्धत लावली, हे आधी विचारा.

चुका सर्वांत जास्त दर्शनी लांबीत होतात. कोपऱ्याच्या प्लॉटच्या दोन्ही बाजू मोजल्या जातात. लांब बाजूला सवलत असेल तर ती वाटणीच्या यादीत उतरली आहे का, हे पाहा. दुसऱ्या बाजूच्या जुन्या लाइनचा वाटा आधीच भरला असेल तर ती पावती जोडा. बंद गल्लीच्या टोकाचे प्लॉट रस्त्याकडे निमुळते आणि मागे रुंद असतात, तिथे माप नेमकं कुठल्या रेषेवर घेतलं ते लेखी मागा. टेप धरून स्वतः मोजलेला आकडा बहुधा मान्य होत नाही. अधिकृत मोजणी नकाशाच लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांच्या घरात नसतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून नोटिशीची वाट न पाहता, कामाची चर्चा सुरू होताच त्यासाठी अर्ज करा.

खर्चाच्या अंदाजपत्रकाकडेही पाहा. तुमच्या गल्लीला २०० मिमीची नळी पुरेशी असेल आणि पुढच्या वस्तीसाठी ३०० मिमीची टाकत असतील, तर वाढीव व्यासाचा खर्च गल्लीवर का, हा रास्त प्रश्न आहे. पंपिंग स्टेशन आणि संपूर्ण रस्त्याचं नवं डांबरीकरण यांचंही तसंच. हे मुद्दे हरकतींच्या सुनावणीतच मांडावे लागतात.

मुदतीबाबत फार जपा. ती बऱ्याचदा नोटीस प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती पडल्यापासून नाही. शेवटच्या दिवशी पोस्टात टाकलेला अर्जही धोक्याचा, कारण तो कार्यालयात पोहोचलेला असावा लागतो. स्वतः नेऊन द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तो देताना टाळाटाळ होते, तरी घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

मिळकत अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर मुलाच्या एकट्याच्या सहीचा अर्ज परत येतो. वारस नोंद झालेली नसेल तर सर्व वारसांच्या सह्या किंवा अधिकारपत्र जोडा. लाइनपर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या जागेतून जात असेल, तर जोडणीसाठी त्या मालकाची लेखी संमती लागते. तोंडी ‘चालेल’ कामाला येत नाही.

हप्त्यांसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत असते. व्याज कोणत्या दिवसापासून लागतं, ते विचारून घ्या. थकबाकीचा बोजा मिळकतीवर चढतो आणि विक्रीच्या वेळी तो समोर येतोच.

वाटा भरला म्हणजे जोडणी मिळाली, असं नाही. जोडणी शुल्क, घरापासून चेंबरपर्यंतची नळी आणि परवानाधारक प्लंबर हा खर्च बहुतेक ठिकाणी निराळा. अर्जाआधी लाइनच्या तळाची पातळी अभियंत्याकडून लेखी घ्या. १५ मीटर नळीला १:१०० उतार दिला तरी १५ सेंटिमीटर खोली जाते. लाइनच्या तळाच्या पातळीत ही उताराची उंची मिळवून जी पातळी येते, तिच्याहून घराचा खालचा मजला खोल असेल तर पंप बसवावा लागेल. ही पातळी सुनावणीआधी हातात असेल, तर ‘लाइन आहे, पण आमच्या घराला उतार मिळत नाही’ हा मुद्दा कागदासह मांडता येतो.