कप राष्ट्रीय होईना, शेवटी लीगच राष्ट्रीय झाली

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलला तिथले लोक नुसतं 'फुटी' म्हणतात. क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर अठरा-अठरा जणांचे दोन संघ खेळतात आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, म्हणजे सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. मेलबर्नमध्ये 1859 साली या खेळाचे नियम लिहिले गेले आणि तिथून तो ॲडलेड, पर्थ, टास्मानियापर्यंत पसरला. पसरला खरा, पण प्रत्येक वसाहतीने आपली वेगळी लीग थाटली. जो तो आपल्या गावचा राजा! मग अख्ख्या देशात अव्वल क्लब कोणता, हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने पुढे आला तो 1888 मध्ये. त्या वर्षी मेलबर्नचा विजेता साउथ मेलबर्न आणि ॲडलेडचा विजेता नॉरवूड यांच्यात ॲडलेडला सामने झाले. नॉरवूडने बाजी मारली आणि 'चॅम्पियन ऑफ ऑस्ट्रेलिया' हे बिरुद मिरवलं. वर्ष लक्षात घेण्याजोगं आहे. आदल्याच साली, 1887 मध्ये, ॲडलेड आणि मेलबर्न रेल्वेने जोडले गेले होते. पर्थहून पूर्वेकडे थेट रेल्वे यायला मात्र 1917 उजाडलं. तोवर बोटीशिवाय इलाज नव्हता. त्यामुळे ही 'राष्ट्रीय' लढत पुढची कित्येक वर्षं दोन शहरांपुरतीच राहिली. तीही दरवर्षी होत नसे. दोन्हीकडचा हंगाम संपला, सवड मिळाली, पैशाची सोय झाली, तर सामना.

या जुन्या काळातला सगळ्यात दणदणीत विजेता म्हणजे पोर्ट ॲडलेड. 1914 मध्ये या संघाने आपल्या लीगमध्ये एकही सामना गमावला नाही आणि नंतर मेलबर्नहून आलेल्या कार्लटनला 70–36 असं लोळवलं. तेव्हा महायुद्ध सुरू झालेलंच होतं. लवकरच खेळाडू सैन्यात गेले, लीगचे सामनेच बंद पडायला लागले, तिथे या लढतीची काय कथा? त्यानंतर थेट 1968 मध्ये ती पुन्हा नियमितपणे सुरू झाली. ॲडलेड ओव्हलवर कार्लटनने स्थानिक विजेत्या स्टर्टला हरवलं.

1972 पासून पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाचे विजेतेही आले आणि चार संघांची छोटेखानी बाद स्पर्धा उभी राहिली. त्या वर्षीची गोष्ट ॲडलेडकर आजही चवीने सांगतात. कार्लटनने मेलबर्नच्या अंतिम सामन्यात रिचमंडविरुद्ध 177 गुण कुटले होते. रिचमंडने 150 करूनही हार पत्करली. असा तोफखाना घेऊन कार्लटन थोड्याच दिवसांत ॲडलेडला आला आणि नॉर्थ ॲडलेडकडून 73–72 असा एका गुणाने हरला. दोन्ही संघांचे गोल सारखेच, दहा-दहा. फरक पडला तो बाजूच्या फटीतून गेलेल्या एका चेंडूचा. मेलबर्नकरांच्या मते हंगाम संपून गेला होता आणि पोरं सुट्टीच्या मूडमध्ये होती. त्यात तथ्य असेलही. पण एका गुणाची हार पचवायला असं कारण फार सोयीचं असतं.

इथवर स्पर्धा ही मानाची गोष्ट होती. 1970च्या दशकाच्या मध्यावर तिच्यात टीव्ही आणि सिगारेट शिरली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाची खरी किल्ली इथे आहे. 1974 मध्ये रग्बी लीग या वेगळ्या खेळाच्या आयोजकांनी आमको ही जीन्सची कंपनी प्रायोजक घेऊन एक बाद स्पर्धा काढली होती. सामने आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी, प्रकाशझोतात आणि थेट टीव्हीवर. पहिल्याच वर्षी वेस्टर्न डिव्हिजन या ग्रामीण संघाने तो कप उचलला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. मार्च 1975 मध्ये ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला. मग फुटीवाले तरी मागे कसे राहणार? 1976 मध्ये नॅशनल फुटबॉल लीग या राष्ट्रीय संघटनेने वेगवेगळ्या राज्यांतल्या क्लबांना एकत्र आणून रात्रीची बाद स्पर्धा भरवली. ॲडलेडचं नॉरवूड ओव्हल हे तिचं मुख्य ठिकाण. पहिला कप मेलबर्नच्या हॉथॉर्नने नेला.

कपाचं नाव होतं 'विल्स कप'. या खेळाचा आद्य पुरुष म्हणून टॉम विल्सचं नाव घेतलं जातं, त्यामुळे कुणाला वाटेल की त्याच्या स्मरणार्थ हे नाव दिलं. तसं काही नव्हतं, विल्स म्हणजे सिगारेट. 1996चा क्रिकेट विश्वचषक आपल्याकडे ज्या नावाने ओळखला गेला, तेच नाव. ऑस्ट्रेलियात 1 सप्टेंबर 1976 पासून टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या थेट जाहिरातींना बंदी आली. स्पर्धेच्या नावात ब्रँड घालायला मात्र मोकळीक होती. समालोचकाने दर दोन मिनिटांनी कपाचं नाव घेतलं की जाहिरात झालीच, तीही कायद्याच्या चौकटीत. पुढे 'एस्कॉर्ट' आलं, तोही सिगारेटचाच ब्रँड.

आता मेलबर्नच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने, म्हणजे व्हीएफएलने, हिशेब मांडला. प्रेक्षक आपल्या क्लबांचे, नामवंत खेळाडू आपले, मग टीव्हीचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात का? 1977 मध्ये तिने अंग काढून घेतलं आणि स्वतःची रात्रीची स्पर्धा सुरू केली. रात्रीच्या फुटीचा अनुभव तिला होताच. 1956 ते 1971 दरम्यान साउथ मेलबर्नच्या लेक ओव्हलवर, मुख्यतः अंतिम फेरी हुकलेल्या क्लबांसाठी, अशी स्पर्धा भरायची. आता वेव्हर्लीच्या व्हीएफएल पार्कवर नवे कोरे प्रकाशझोत उभे राहिले. क्रिकेटवाल्यांना हे मैदान वेगळ्या कारणाने माहीत असेल: टीव्हीसम्राट केरी पॅकरने आपले दिवस-रात्र सामने पहिल्यांदा इथेच भरवले.

काही वर्षं देशात दोन वेगवेगळ्या रात्रीच्या स्पर्धा चालल्या आणि त्यात मोठं कोण, याबद्दल कुणाला शंका नव्हती. व्हीएफएलने ऑस्ट्रेलियन फुटबॉल चॅम्पियनशिप्स नावाची कंपनीच काढली आणि इतर राज्यांना तिच्यात यायचं आमंत्रण दिलं. 1979 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलिया आली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने जरा आढेवेढे घेतले, पण 1980 मध्ये तीही आली. टास्मानिया, क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स यांच्याकडे तुल्यबळ क्लब नव्हते, म्हणून ते राज्याचाच संघ उतरवायचे. क्लबांच्या स्पर्धेत राज्यांचे संघ, ही खिचडी कुणाला फारशी खटकली नाही.

1980चा अंतिम सामना या कपाच्या वाट्याला आलेला सगळ्यात गाजलेला क्षण. कॉलिंगवूड तीन गुणांनी पुढे होता, सामना संपल्याचा भोंगा वाजला आणि त्याच गडबडीत नॉर्थ मेलबर्नच्या केरी गुडने चेंडू झेलला. भोंगा आधी की झेल आधी? पंचांना गोंगाटात भोंगा ऐकूच गेला नव्हता. त्यांनी गुडला झेलाबद्दल मिळणारी किक दिली, त्याने गोल मारला, आणि नॉर्थने 57–54 असा कप खिशात घातला. कॉलिंगवूडवाले अजून त्या भोंग्याचा हिशेब मागतात.

पण अंतिम सामन्याला मेलबर्नचेच दोन क्लब भिडले, हेही बघा. हे काही त्या एका वर्षापुरतं नव्हतं. इतर राज्यांतले चांगले खेळाडू पैशामागे व्हीएफएलमध्ये जात होते, मग मागे उरलेल्या संघाने कप जिंकायचा कसा? त्यांच्यात दम नव्हता असं मुळीच नाही. ऑक्टोबर 1977 मध्ये पहिल्यांदा 'स्टेट ऑफ ओरिजिन' सामना झाला. खेळाडू सध्या कुठे खेळतो ते न बघता त्याला त्याच्या मूळ राज्याकडून उतरवलं, तर पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला 94 गुणांनी धुतलं. क्लबांच्या कपात हीच माणसं मेलबर्नच्या जर्सीत असायची.

शेवटी गणित दुसऱ्याच बाजूने सुटलं. साउथ मेलबर्न 1982 मध्ये सिडनीला हलला, 1987 मध्ये पर्थहून वेस्ट कोस्ट ईगल्स आणि क्वीन्सलँडहून ब्रिस्बेन बेअर्स आले, 1990 मध्ये व्हीएफएलचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं, पाठोपाठ ॲडलेडही आलं. दर शनिवार-रविवारी राज्याराज्यांचे संघ भिडू लागल्यावर वेगळा कप कशाला? 1988 पासून तो हंगामापूर्वीच्या सराव स्पर्धेच्या रूपात उरला. लांबून मारलेल्या गोलला नऊ गुण वगैरे प्रयोग करण्यापुरता. 2013 नंतर तोही बंद झाला.

मधल्या मधे राज्यांच्या जुन्या लीग दुय्यम ठरल्या, आणि त्यांच्यासाठी 2011 मध्ये फॉक्सटेल कप निघाला. नाव पे-टीव्ही कंपनीचं, म्हणजे 1976चाच कित्ता, फक्त सिगारेटच्या जागी सेट-टॉप बॉक्स. व्हिक्टोरिया, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि ईशान्येकडच्या लीगचे क्लब यात खेळले. काही सामने मोठ्या लीगच्या सामन्याआधी, स्टँड भरायच्या आत उरकले जायचे. पहिल्या तीन वर्षांत विल्यमस्टाउन, क्लेरमाँट आणि वेस्ट ॲडलेड यांनी एकेकदा तो जिंकला. वेस्ट ॲडलेडला 2013 साली मिळालेल्या या कपाचं अप्रूप होतं, पण बहुतेक क्लबांना स्वतःच्या लीगचं जेतेपद जास्त प्यारं होतं आणि विमानप्रवासाने थकलेला संघ शनिवारी घरच्या सामन्यात हरला, तर प्रशिक्षकाची खैर नसे. 2014 मध्ये विल्यमस्टाउनने वेस्ट पर्थला हरवून दुसऱ्यांदा कप नेला. 2015 मध्ये स्पर्धा भरलीच नाही.