पीओई स्विच: खोक्यावरच्या आकड्यांची पार्श्वभूमी

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच, म्हणजे एकाच लॅन केबलवरून डेटा आणि वीज दोन्ही देणारा स्विच, मागितला की दुकानदार आधी विचारतो, "किती पोर्टचा?" सोसायटीत आठ कॅमेरे बसवायचे असतात, म्हणून आपण आठ म्हणतो. त्याहून महत्त्वाचा आकडा मात्र खोक्यावर बारीक अक्षरात असतो, तो म्हणजे एकूण वॅट. हे वॅट, त्याशेजारची एएफ, एटी, बीटी ही मानकांची नावं आणि ४८ व्होल्ट कुठून आले हे ठाऊक असलं, तर चुकीचा माल घरी येत नाही.

४८ व्होल्ट आले टेलिफोन एक्स्चेंजमधून. भारनियमनात दिवे जायचे, लँडलाइन मात्र चालू असायची, कारण तिची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून, फोनच्याच तारेवरून यायची. दोन व्होल्टचे २४ सेल, म्हणून ४८. पुढे फोन लॅन केबलवर आले तेव्हा ही सोय गेली. प्रत्येक फोनला अडॅप्टर लागला आणि वीज गेली की फोनही बंद. ती सोय परत मिळवण्यासाठी २०००च्या सुमारास नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने आपल्या फोनना स्विचमधूनच वीज द्यायला सुरुवात केली. इस्रायलच्या पॉवरडिसाइनने स्विच आणि फोन यांच्या मध्ये बसून वीज देणारी वेगळी पेटी काढली. पण एकाचा स्विच दुसऱ्याच्या फोनला चालेल याची खात्री नव्हती.

जून २००३मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.३एएफ मानक मंजूर झालं. त्यातला खरा कळीचा भाग वीज देण्याचा नाही, तर न देण्याचा आहे. लॅनच्या पोर्टमध्ये कोणी लॅपटॉप लावेल, कोणी जुना प्रिंटर. तिथे थेट ४८ व्होल्ट सोडले तर पोर्ट जळू शकतो. म्हणून स्विच आधी १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन चाचपतो. समोर साधारण २५ किलोओहमचा रोध सापडला, तरच हे पीओई उपकरण आहे असं तो मानतो. मग उपकरण आपला क्लास, म्हणजे किती वीज लागेल त्याचा गट, सांगू शकतं आणि त्यानंतर ४४ ते ५७ व्होल्ट चालू होतात. उपकरण काढलं की प्रवाह १० मिलिअँपिअरच्या खाली जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वीज बंद होते.

‘पॅसिव्ह पीओई’मध्ये ही विचारपूस नाही. गच्चीवरच्या काही वायरलेस अँटेनांसोबत २४ व्होल्टचा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी छोटी पेटी, येतो; तो समोर काय आहे ते न बघता वीज सोडतो. त्याची केबल दुसऱ्या कशाला लावायची नाही, आणि २४ व्होल्टच्या अँटेनाला एएफ स्विचमधून वीज मिळेल अशी अपेक्षाही ठेवायची नाही.

आता वॅट. एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॅट, पण उपकरणापाशी हमी १२.९५ची. मधली तूट केबल खाते: ३५० मिलिअँपिअर प्रवाह आणि १०० मीटरचा जास्तीत जास्त २० ओहम रोध धरून काढलेला हिशोब आहे तो. सीसीए, म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल घेतली, की हा हिशोबच बिघडतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो; लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही आणि तो सारखा रीस्टार्ट होतो. घेण्याआधी दुकानातच तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघावं. आत चंदेरी दिसलं तर ती केबल पीओईसाठी नको.

सगळ्यात जास्त तक्रारी बजेटच्या, म्हणजे स्विच सगळ्या पोर्टना मिळून देऊ शकतो त्या वॅटच्या. आठ पोर्टना प्रत्येकी १५.४ म्हणजे १२३ वॅट लागतील, पण आठ पोर्टच्या कित्येक स्वस्त स्विचचं एकूण बजेट ६० ते ६५ वॅटच असतं. समजा सात कॅमेरे दिवसा ४ वॅट घेतात आणि गेटवरचा, जास्त वीज देणाऱ्या एटी पोर्टवरचा फिरता कॅमेरा १५. बेरीज ४३, सगळं सुरळीत. अंधार पडला, इन्फ्रारेड दिवे लागले, सातही कॅमेरे ७ वॅटवर गेले आणि फिरता २२वर, की बेरीज ७१ होते. स्विच कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो, बहुधा शेवटचा. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळे कॅमेरे चालू दिसतात, आणि दोष विनाकारण कॅमेऱ्यावर जातो. म्हणून बेरीज रात्रीच्या वॅटची करावी, वर पाव भाग शिल्लक ठेवावा आणि महत्त्वाचा कॅमेरा पहिल्या पोर्टांत लावावा. काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता क्लासप्रमाणे वीज राखून ठेवतात. क्लास शून्यला पूर्ण १५.४. अशा स्विचवर ६५ वॅटमध्ये चारच उपकरणं बसतात.

फिरत्या कॅमेऱ्यांना आणि ताकदवान वायफाय ॲक्सेस पॉइंटना एएफ अपुरा पडू लागला, तेव्हा २००९मध्ये एटी आला: पोर्टवर ३०, उपकरणाला २५.५ वॅट. २०१८च्या बीटीने केबलमधल्या आठ तारांच्या चारही जोड्यांतून वीज नेली, पोर्टवर ६० आणि ९० वॅटपर्यंत. तोवर मानकात दोनच जोड्या होत्या: पिनांच्या क्रमांकाने एक तर १-२ आणि ३-६, नाहीतर ४-५ आणि ७-८. इथेच क्रिम्पिंगमधली, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवतानाची, एक काटकसर नडते. शंभर एमबीपीएसला चारच तारा पुरतात म्हणून निळी आणि तपकिरी जोडी कापून टाकली, आणि स्विच ४-५, ७-८वर वीज देणारा निघाला, तर कॅमेरा उठतच नाही. आठही तारा क्रिम्प कराव्यात.

स्विच, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आणि राउटर एकाच यूपीएसवर ठेवले की एक्स्चेंजच्या बॅटरीचा जुना फायदा परत मिळतो: महावितरणची वीज गेली तरी सगळे कॅमेरे चालू राहतात. फक्त एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीकडे उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. एप्रिल-मेच्या वळिवात जवळपास वीज पडली की त्या केबलवरून आलेला झटका स्विचचे पोर्ट घेऊन जातो. दोन विंगांमध्ये फायबर टाकावी आणि पलीकडे वेगळा छोटा पीओई स्विच, नीट अर्थिंग करून, बसवावा.