टेक्सासच्या सरकारी शाळेत बायबल हा ऐच्छिक विषय: अर्ज नेमका कुठे अडतो

मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या बाईंनी तेवीस सह्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. मुलाच्या हायस्कूलमध्ये बायबल हा ऐच्छिक विषय सुरू व्हावा अशी त्यात मागणी होती, आणि कायद्यात पंधरा विद्यार्थ्यांची अट आहे असे कानावर आल्यामुळे तेवीस सह्या म्हणजे काम फत्ते, अशी त्यांची समजूत होती. पेन्सिल घेऊन आम्ही एकेक नाव तपासले. नऊ सह्या मोठ्या माणसांच्या निघाल्या, सहा सातवी-आठवीतल्या मुलांच्या; उरली आठ नावे. शाळेने अर्ज परत करताना एवढेच लिहिले होते की पुरेशी नोंदणी नाही. कोणती नावे धरली, कोणती वगळली, हे सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

हा विषय ज्यावर उभा आहे तो कायदा म्हणजे २००७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने मंजूर केलेले हाउस बिल १२८७, आणि राज्याच्या शिक्षण संहितेत ते कलम २८.०११ म्हणून सापडते. त्यानुसार स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) नववी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांसाठी हिब्रू शास्त्रे म्हणजे जुना करार, नवा करार, किंवा दोन्ही मिळून असा ऐच्छिक अभ्यासक्रम चालवता येतो. विद्यार्थ्याची पात्रता एवढीच: तो नववीत किंवा पुढच्या इयत्तेत हवा. धर्म कोणता, चर्चला जातो की नाही, हे विचारायचे नसते आणि सांगायचेही नसते. तरीही बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) शिफारसपत्र, चर्चच्या छापील कागदावरची विनंती असे सगळे जोडून लोक अर्ज देतात. असे कागद जोडू नयेत, ही कळकळीची सूचना आहे, कारण ज्या विषयाला धर्मशिक्षण नव्हे तर साहित्य आणि इतिहास म्हणूनच मान्यता आहे, त्याच्या मागणीला चर्चचा शिक्का लागला की डिस्ट्रिक्टचा वकील सावध होतो.

पंधराच्या आकड्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. एखाद्या सेमिस्टरसाठी एका शाळेत पंधरापेक्षा कमी विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले तर तिथे वर्ग चालवण्याचे बंधन डिस्ट्रिक्टवर नाही, असे कायदा म्हणतो. यावरून पंधरा झाले की वर्ग मिळालाच पाहिजे, असा अर्थ लोक काढतात, आणि तो वाचकाचा दोष म्हणवत नाही, कारण वाक्यच तसे आहे. २००८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने दिलेल्या अभिप्रायानुसार हा स्वतंत्र विषय सुरू करण्याची सक्ती डिस्ट्रिक्टवर नाही. धार्मिक साहित्याचा इतिहासावर आणि वाङ्मयावर झालेला परिणाम नेहमीच्या अभ्यासक्रमात कुठे तरी शिकवला गेला म्हणजे पुरे. थोडक्यात, पंधराच्या खाली नकार देणे शाळेला सोपे जाते, आणि पंधराच्या वर निर्णय डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळाच्या मर्जीवर राहतो. म्हणून सह्या गोळा करताना पालकांची यादी वेगळी आणि विद्यार्थ्यांची वेगळी करावी, विद्यार्थ्याच्या नावापुढे पुढच्या वर्षीची इयत्ता लिहावी, आणि सगळी मुले एकाच शाळेची असावीत. दोन शाळांतली आठ-आठ मुले मिळून सोळा होत नाहीत.

राज्याचा यासाठी एकच छापील अर्ज नाही. नवीन विषयाचा प्रस्ताव मागवण्याची रीत प्रत्येक डिस्ट्रिक्टची निराळी असते, तेव्हा शाळेच्या काउन्सेलरला (मुलांना विषयनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्याला) आधी विचारावे. मुदतीची गफलत मात्र सगळीकडे सारखीच होते. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते म्हणून जूनमध्ये अर्ज द्यावा, असे आपल्याला वाटते. पण पुढच्या वर्षीचे विषय मुलांकडून बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीलाच निवडून घेतले जातात आणि त्या यादीत नसलेल्या विषयाला कोणाची नोंदणी होण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे प्रस्ताव त्याच्याही आधी, आदल्या शरद ऋतूत जायला हवा. दुसरे असे की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत उठून मागणी मांडली म्हणजे अर्ज दिला असे होत नाही. विषयपत्रिकेवर नसलेल्या मुद्द्यावर मंडळाला चर्चा करता येत नाही. सदस्य नुसते ऐकून घेतात, आणि त्या शांततेलाच होकार समजून घरी गेलेले पालक मी पाहिले आहेत.

सगळ्यात अवघड कागद शिक्षकाचा. इंग्रजी भाषा, सामाजिक शास्त्रे किंवा इतिहास यांपैकी एका विषयाचे हायस्कूलचे प्रमाणपत्र, शक्य असेल तिथे धर्म किंवा बायबल यांचा दुय्यम विषय म्हणून पदवीला केलेला अभ्यास, आणि त्यावर या विषयासाठीचे खास प्रशिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा, एवढे कायदा मागतो. प्रशिक्षण झालेले नसेल तर त्या शिक्षकाला हा विषय शिकवता येत नाही, असे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे; आणि ज्या विधिमंडळाने ही अट घातली, त्यानेच सुरुवातीला त्या प्रशिक्षणासाठी पैसे दिले नाहीत. न दिलेल्या प्रशिक्षणाचा दाखला मागायचा, याला काय म्हणावे! अर्जदाराने करण्यासारखी गोष्ट एकच: प्रस्ताव लिहिण्यापूर्वी शाळेतल्या इंग्रजीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकांपैकी कोणी तयार आहे का, आणि डिस्ट्रिक्ट त्यांना प्रशिक्षणाला पाठवेल का, हे विचारून ते प्रस्तावात नमूद करावे. पाळक स्वखुशीने फुकट शिकवायला तयार आहेत, हे वाक्य कितीही चांगल्या हेतूने लिहिलेले असले तरी प्रस्तावाला मारक ठरते.

अभ्यासक्रमाची रूपरेषा जोडावी लागली तर तिची भाषा शंभरदा तपासावी. १९६३ च्या ॲबिंग्टन विरुद्ध शेंप खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतले भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, पण त्याच निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी, जे स्वतः टेक्सासचेच, धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा भाग म्हणून बायबलचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला आडकाठी नाही असे नोंदवले. सगळा मामला या एका फरकावर चालतो. टेक्सासमधल्याच ओडेसा शहरात एक्टर काउंटीच्या शाळांमधला असा अभ्यासक्रम पंथीय असल्याची तक्रार करत पालकांनी २००७ मध्ये खटला भरला, आणि २००८ मध्ये तडजोड होऊन डिस्ट्रिक्टला तो अभ्यासक्रम सोडावा लागला. म्हणून ‘मुलांवर चांगले संस्कार व्हावेत’ असे प्रस्तावात लिहू नये. दृष्टान्तांच्या कथा, स्तोत्रांची रचना, वक्तृत्वावर आणि चित्रकलेवर पडलेला प्रभाव, असे लिहावे.

कोणते भाषांतर वापरायचे, यावर आपल्या मराठी घरांनी लक्ष द्यावे. मंडळाने किंवा शिक्षकाने निवडलेले भाषांतर विद्यार्थ्यावर लादता येत नाही. तो दुसरे वापरू शकतो. वसईकडच्या कॅथलिक घरातल्या मुलाच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातल्या मुलाला तर ‘जुना करार’ हे नावच आपले वाटत नाही, आणि कायद्याने ‘हिब्रू शास्त्रे’ हा शब्द वापरला तो योग्यच केला. घरचे बायबल वर्गात न्यायचे असेल तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना लेखी कळवावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाद घालून उपयोग नसतो.

श्रेयांक प्रत्येक अभ्यासक्रमाला अर्धा मिळतो, तोही ऐच्छिक खात्यात. हायस्कूल पूर्ण करायला लागणाऱ्या इंग्रजीची किंवा अमेरिकन इतिहासाची जागा तो घेत नाही. हे न पाहता बारावीत विषय घेतलेली आणि मग उन्हाळ्यात राहिलेला विषय पूर्ण करत बसलेली मुले आहेत.

२०२५ च्या सिनेट बिल ११ प्रमाणे प्रार्थना आणि धर्मग्रंथवाचनासाठी वेगळा वेळ ठेवायचा की नाही यावर डिस्ट्रिक्टना मतदान करायचे होते, आणि त्यासाठी पालकांचे संमतिपत्र लागते. ते संमतिपत्र या विषयाचे नव्हे. त्यात दावा लावण्याचा हक्क सोडून देण्याचा मजकूर असतो, त्यामुळे या ऐच्छिक विषयाचा कागद समजून त्यावर सही करू नये.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मग गीता का नाही. त्याचे उत्तर त्याच कलमात आहे: ख्रिस्ती धर्माखेरीज इतर धर्मांच्या ग्रंथांवरचा ऐच्छिक विषय सुरू करायला हा कायदा मनाई करत नाही, आणि विश्वस्त मंडळ विद्यार्थी-पालकांची मागणी व त्या ग्रंथाचा इतिहासावर आणि संस्कृतीवर झालेला परिणाम विचारात घेऊ शकते. वाट तीच, अडचणी त्याच, आणि त्यांत शिक्षक सापडणे आणखी कठीण. सह्यांच्या कागदावर मात्र इथेही इयत्ता लिहावी. त्या बाईंनी यंदा नवा कागद केला आहे; त्यात अकरा नावे आहेत, सगळी नववी किंवा त्यापुढची, आणि चार अजून मिळवायची आहेत.