हायवाथाचे लग्न: द्वोर्झाकचे आणि कोलरिज-टेलरचे

अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘द साँग ऑफ हायवाथा’ (1855) या, अमेरिकेतल्या आदिवासी नायकावरच्या दीर्घकाव्याचा विषय निघाला की चेक संगीतकार द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी (म्हणजे गायनाविना, केवळ वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) आणि सॅम्युअल कोलरिज-टेलरचे ‘हायवाथाज वेडिंग फीस्ट’ यांची नावे एका दमात घेतली जातात, आणि मग सिम्फनीत कवितेच्या ओळी शोधण्याचा निष्फळ उद्योग सुरू होतो. डिसेंबर 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथम वाजलेली ही सिम्फनी बहुतेकांच्या ओळखीची आहे, म्हणून तिची ओळख करून देत बसत नाही. कोलरिज-टेलर म्हणजे कवी कोलरिज नव्हे. त्या कवीवरून नाव ठेवलेला तो लंडनचा संगीतकार असून त्याचा हा कंटाटा (गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) 1898 मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सादर झाला.

खरी मेख अशी की दोघांनीही प्रसंग एकच उचलला आहे: लग्नाची मेजवानी आणि तीत पाऊ-पुक-कीविस या पाहुण्याने केलेला नाच. कोलरिज-टेलरकडे गायकवृंद लाँगफेलोचेच शब्द गातो, त्यामुळे चार ठेक्यांची ती एकसुरी ओळ संगीतालाही बांधून ठेवते आणि आपण कथेत नेमके कुठे आहोत हे श्रोत्याला सतत कळत राहते. द्वोर्झाकने मात्र ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राला एवढेच सांगितले होते की सिम्फनीचा तिसरा भाग त्या मेजवानीतल्या नाचावरून सुचला, आणि दुसरा भाग हा पुढे लिहायच्या कंटाटाचा किंवा ऑपेराचा अभ्यास आहे. ती पुढची कृती त्याने कधीच लिहिली नाही. काव्यात नाच संथपणे सुरू होतो आणि वाढत वाढत, वाळू उडवत गरगर फिरणारा होतो. सिम्फनीतला तिसरा भाग पहिल्यापासूनच धावतो, मध्येच निवांत होतो आणि स्केर्झोच्या (सिम्फनीतल्या अशा चपळ भागाच्या) रिवाजाप्रमाणे पुन्हा सुरुवातीच्या सुरांवर येतो. कथेतला नर्तक असा मागे फिरत नाही. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत ‘येथे नर्तक वाळू उडवतो’ असे छापणाऱ्यांनी एकदा स्वरलिपी उघडून पाहावी.

सिम्फनीच्या दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याची धून म्हणजे ‘गोइंग होम’ हे जुने भक्तिगीत, हा समजही तितकाच चिवट आहे. धून द्वोर्झाकची स्वतःची आहे. तिच्यावर शब्द बसवले ते त्याचा शिष्य विल्यम आर्म्स फिशर याने, 1922 मध्ये, म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर 18 वर्षांनी.

कविता कानांनी ऐकायची असेल त्याने कोलरिज-टेलरकडेच जावे आणि टेनरच्या (उंच पुरुषी आवाजाच्या गायकाच्या) ‘ऑनअवे! अवेक, बिलव्हेड!’पासून सुरुवात करावी. त्याने पुढे जोडलेले ‘द डेथ ऑफ मिनेहाहा’ आणि ‘हायवाथाज डिपार्चर’ हे दोन भाग मला फिकेच वाटतात.