दोन डबे आणि आवक-जावक नोंदवही

घरात दोन राउटर लावले की इंटरनेटचा वेग दुप्पट होतो, असा एक समज गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो. त्यावर विसंबून आमच्या शेजाऱ्यांनी सेवा पुरवठादाराच्या डब्याला नवा राउटर जोडला आणि होते ते इंटरनेटही बंद पडले. तपासले तेव्हा दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच निघाला. बाहेर जाणारा मजकूर पहिल्या डब्याकडे द्यायचा म्हटले की नवा राउटर तो स्वतःचाच पत्ता समजत होता.

फायबर जोडणीत ज्याला आपण सवयीने मोडेम म्हणतो, तो खरे तर ओएनटी (ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल) असतो. केसाएवढ्या काचतंतूतून १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घराकडे येतो, १३१० नॅनोमीटरचा बाहेर जातो, आणि ओएनटी त्यांचे विद्युत-संकेतांशी भाषांतर करतो. राउटरचे काम निराळे आहे: ती एक जोडणी घरातल्या सर्व उपकरणांत वाटणे. मात्र पुरवठादार बहुधा दोन्ही कामे एकाच डब्यात घालून देतात आणि तो डबा तार जिथून घरात शिरते त्या कोपऱ्यात, टीव्हीमागे, अडकतो. वाय-फायचा राउटर घराच्या मध्यावर आणता यावा, हे तो वेगळा घेण्याचे सर्वांत सयुक्तिक कारण होय. (राउटरवर चिकटवायचे ‘विकिरणशोषक’ स्टिकर विकले जातात. ते खरोखर लहरी शोषत असतील तर वाय-फाय कमजोर व्हायला हवे. तसे होत नसेल, तर पैसे कशाचे दिले?)

राउटरची खरी करामत पत्ताबदलात, म्हणजे ‘नॅट’मध्ये आहे. आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांच्या नियमावलीच्या, चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते असल्याने घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून आठवावा. कोणत्याही टेबलावरून पत्र निघाले तरी त्यावर कचेरीचा एकच पत्ता आणि एक जावक क्रमांक पडतो, आणि उत्तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन आले की कारकून नोंदवही पाहून ते योग्य टेबलावर पोचवतो. तुमचा फोन १९२.१६८.१.२३ या पत्त्यावरून आणि ५१५१४ या पोर्टवरून (उपकरणातल्या एका संभाषणाच्या क्रमांकावरून) पॅकेट, म्हणजे मजकुराचा एक तुकडा, पाठवतो, तेव्हा राउटर पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, पोर्टच्या जागी समजा ४०००१ लिहितो आणि ही जोडी सारणीत नोंदवतो. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असल्याने ६५,५३६ क्रमांक उपलब्ध असतात. गंमत पुढे आहे: टीसीपीच्या (पॅकेटे बिनचूक पोचवणाऱ्या नियमावलीच्या) चेकसममध्ये, म्हणजे पडताळणीच्या बेरजेत, दोन्ही टोकांचे आयपी पत्तेही धरलेले असतात, त्यामुळे पत्ता बदलताच ती बेरीज चुकते आणि राउटरला प्रत्येक पॅकेटमध्ये तीही दुरुस्त करावी लागते, अर्थात सगळे पॅकेट पुन्हा न मोजता, जुना पत्ता वजा करून नवा मिळवला की भागते. बिनहवाल्याचे पत्र आले, तर सारणीत नोंद नाही म्हणून ते टाकून दिले जाते.

दोन डबे एकामागे एक लावले की दोन कारकून आणि दोन नोंदवह्या होतात. पत्ते वेगवेगळे ठेवल्यास वेबपाने नीट उघडतात, पण पहिल्या डब्याला जोडलेल्या प्रिंटरला नव्या राउटरमागचा लॅपटॉप सापडत नाही, आणि बाहेरून घरातला कॅमेरा पाहायचा तर दोन्हीकडे पोर्ट उघडावे लागतात. त्यावर दोन उपाय आहेत. ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे स्वतः पत्ताबदल न करता मजकूर नुसता पुढे देण्याच्या अवस्थेत, टाकून पीपीपीओईचे (पुरवठादाराकडे लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) वापरकर्ता-नाव व पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरावेत आणि ओएनटीची तार त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) खाचेत जोडावी, पुरवठादाराने व्हीलॅन (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा) क्रमांक दिला असेल तर तोही भरावा, नाहीतर सगळे बरोबर असूनही जोडणी होत नाही. पुरवठादार ब्रिज मोड देत नसेल, तर नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे पत्ताबदल न करता फक्त वाय-फाय पुरवणारा डबा म्हणून, चालवावा. शेजाऱ्यांकडे आम्ही हेच केले.

ब्रिज मोड मिळालेल्यांनी नंतर राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता जरूर पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर आणखी एक कारकून पुरवठादाराच्या केंद्रात बसलेला आहे, आणि त्याची नोंदवही घरातल्या कोणत्याही सेटिंगने बंद होत नाही.