आईचा जन्म गोव्यातला? पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आधी कागद तपासा

बेळगाव-खानापूरकडच्या कित्येक घरांचं आजोळ डिचोली, सत्तरी नाहीतर सांग्याला. त्यामुळे ‘पोर्तुगीज पासपोर्ट निघतो म्हणे’ ही कुजबुज इकडेही असते. निघतो, पण आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचा जन्म 20 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये झालेला असावा लागतो. मूळ गाव पेडणे, कुलदैवत मंगेशी, याला इथे किंमत नाही. आई म्हापशाच्या घराण्यातली, पण जन्मली बेळगावच्या दवाखान्यात, असं असेल तर सुरुवात गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांपासून: आधी त्यांची नोंद, मग आईची, मग तुमची.

नोंदणी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात होते. आधी आईचा जन्म, मग आई-वडिलांचं लग्न, शेवटी मुलाचा जन्म. अठरा वर्षांवरच्या मुलाने स्वतः अर्ज करायचा, लहानांसाठी आई-वडिलांनी.

खरी मेख आईच्या कागदांत असते. हल्लीचा छापील जन्मदाखला पुरत नाही. पोर्तुगीज काळातल्या हस्तलिखित नोंदवहीतला संपूर्ण उतारा लागतो. तो त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मागा, जुनी वही तिथे नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात. त्या वहीत ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर वापरलेलं असतं, त्यामुळे शांता ‘एस’च्या पानांवर शोधाल तर सापडायची नाही. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलतात. वहीत शांता, आधारवर सुनंदा, कन्नड कागदांत तिसरंच काही! शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, जे मिळेल ते जमवा. एजंटाला आगाऊ रक्कम मोजायची ती हा उतारा हातात पडल्यावरच.

लग्न मांडवात झालं आणि नोंद राहून गेली, हेही घरोघर. दोघं हयात असतील तर सब-रजिस्ट्रारकडे आता नोंद करून घ्या, पुढे ढकलू नका. तुमची स्वतःची जन्मनोंद मात्र वयाच्या अठराव्या वर्षानंतर झाली असेल तर जपून. पोर्तुगीज कायद्यात नागरिकत्वासाठी पालकत्व सहसा मूल अठरा वर्षांचं होण्याआधीच सिद्ध झालेलं लागतं. अशी फाईल एजंटाकडे नव्हे, या कायद्याच्या जाणकार वकिलाकडे न्यावी.

कर्नाटकातल्या दाखल्यांवर आधी राज्य सरकारचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टील शिक्का (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात तो), वर पोर्तुगीज भाषांतर. गोव्यातल्या कागदांनाही अपॉस्टील लागतोच.

लंडनचं गाजर अजून दाखवलं जातं. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 31 डिसेंबर 2020 नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये आपोआप राहता-कमावता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांत येतं.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, तो तसाच वापरत राहणं गुन्हा आहे. नंतर ओसीआय कार्डासाठी (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अर्ज करता येतो, पण त्यावर मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. खानापूर तालुक्यातलं वडिलोपार्जित शेत वारशाने येऊ शकतं. शेजारचा तुकडा घेऊन ते वाढवायचा बेत असेल, तर तो व्यवहार कुणाच्या नावावर होणार हे घरात आधी ठरवून घ्या.