ओळख परेड : साक्षीदार खरा, पण ओळख खरी कशावरून?

साक्षीदार पाडायचा म्हणजे तो खोटे बोलतो आहे हे दाखवायचे, अशी फौजदारी कोर्टातली जुनी समजूत आहे. जुने वैर, उसनवारी, बांधाचे भांडण, पोलिसांचा नेहमीचा पंच, उलटतपासणीचा रोख बहुतेक तिकडेच असतो. आरोपी अनोळखी असेल तर मात्र हे हत्यार बोथट ठरते. रात्री लुटलेल्या, मारहाण झालेल्या माणसाला समोरच्या अनोळखी आरोपीशी काय वैर असणार? तो शपथेवर सांगतो, ‘हाच तो.’ त्याला मनापासून तसेच वाटत असते. न्यायाधीशही निकालपत्रात लिहितात की या साक्षीदाराला खोटे बोलण्याचे काहीही कारण नाही. हे वाक्य बरोबर असूनही आरोपी निर्दोष असू शकतो. ओळख परेड, म्हणजे आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगणे, आली ती ही फट बुजवण्यासाठी, आणि तिचा इतिहास पाहिला तर परेड बहुतेक वेळा परेडच्या खोलीत बिघडत नाही, त्याआधीच्या दिवसांत बिघडते.

या प्रश्नाकडे सगळ्यांचे लक्ष वेधले ते लंडनच्या ॲडॉल्फ बेक प्रकरणाने. श्रीमंत उमराव असल्याची बतावणी करून बायकांचे दागिने लांबवल्याच्या आरोपावरून १८९६ मध्ये बेकला सात वर्षांची शिक्षा झाली. एकामागून एक दहाच्या आसपास बायकांनी त्याला ओळखले. त्यातल्या कुणालाही त्याला अडकवायचे नव्हते. शिक्षा भोगून तो १९०१ मध्ये सुटला. १९०४ मध्ये तशाच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा पकडले आणि पुन्हा दोषी ठरवले. तो कोठडीत असतानाच तशीच फसवणूक बाहेर चालू राहिली, आणि खरा भामटा सापडला. बेकला ५,००० पौंड भरपाई मिळाली. या प्रकरणाच्या चौकशीनंतर १९०७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे स्वतंत्र न्यायालय उभे राहिले. दहा जणींची ओळख एका चुकीत एकवटू शकते, हे यातून दिसले. साक्षीदारांची संख्या वाढली की ओळख पक्की होते, हा समज मात्र आपल्याकडच्या निकालपत्रांत अजूनही अधूनमधून भेटतो.

भारतात १८७२ चा पुरावा कायदा आला तेव्हा त्यात ‘ओळख परेड’ हा शब्दच नव्हता. कलम ९ मध्ये एवढेच होते की माणसाची किंवा वस्तूची ओळख पटवणाऱ्या गोष्टी संबद्ध आहेत. त्या एका ओळीच्या आधारावर सगळी पद्धत उभी राहिली. आता तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. कायद्यात तपशील नसल्यामुळे परेड कुणी घ्यायची, किती माणसे उभी करायची, पोलीस कुठे असायचे, हे सगळे न्यायालयांनी आणि शासनाच्या परिपत्रकांनी हळूहळू ठरवले.

महाराष्ट्रातल्या पद्धतीचे मूळ १९५१ च्या मुंबईतील लॉईड्स बँकेच्या सशस्त्र लुटीत सापडते. या खटल्याचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न असा होता : पोलिसांच्या हजेरीत साक्षीदाराने रांगेतल्या माणसाकडे बोट दाखवले, तर ते पोलिसांना दिलेले विधान ठरते का? न्यायालयाने म्हटले, ठरते. तोंडाने बोलला काय आणि बोटाने दाखवले काय, साक्षीदार ‘हाच तो’ असेच सांगत असतो. आणि तपासात पोलिसांना दिलेला जबाब फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ नुसार (२०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ नुसार) सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोलीस पूर्णपणे बाजूला झाले आणि पंचांनी किंवा दंडाधिकाऱ्याने परेड घेतली, तरच ती टिकते. आज तपास अधिकाऱ्याने परेडच्या खोलीबाहेर जायचे असते ते याच निकालामुळे. उत्तरेत अनेक ठिकाणी न्यायदंडाधिकारी तुरुंगात जाऊन परेड घेतात. आपल्याकडे हे काम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नियमपुस्तिकेत, परेडची रीत दिली आहे, आणि ती नीट वाचली तर प्रत्येक सूचनेमागे एखादी बिघडलेली परेड दिसते. एक आरोपी असेल तर रांगेत किमान सहा माणसे हवीत, दोन असतील तर दहा-बारा. एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. उभी केलेली माणसे, म्हणजे डमी, वयाने, उंचीने, अंगकाठीने आरोपीशी मिळतीजुळती हवीत. आरोपीने हवी ती जागा निवडायची. एक साक्षीदार येऊन गेला की आरोपीला विचारायचे, जागा बदलायची का, कपडे बदलायचे का. साक्षीदाराला आत आणायला शिपाई जात नाही, पंच जातो. ओळखून झालेला साक्षीदार न आलेल्या साक्षीदाराला भेटता कामा नये. चेहऱ्यावर व्रण असेल तर सगळ्यांच्या त्याच जागी कागदाची पट्टी चिकटवायची किंवा सगळ्यांनाच तेवढा भाग झाकायला लावायचा. शेवटी मेमोरँडम, म्हणजे परेडचा लेखी वृत्तान्त, लिहायचा. त्यात डमींची नावे, वये, आरोपी कितव्या जागी उभा होता, साक्षीदाराने किती वेळ घेतला, कुणाला चुकून हात लावला, हे सगळे यायला हवे.

प्रत्यक्षात मेमोरँडममध्ये ‘आरोपीशी साधर्म्य असलेल्या सहा इसमांना बोलावले’ असे एक साचेबद्ध वाक्य येते आणि पुढचे काहीच येत नाही. हे सहा इसम कोण? बहुतेक वेळा ठाण्याशेजारच्या हॉटेलातली पोरे, रिक्षावाले, बाहेर उभी असलेली माणसे. कोठडीत आठवडाभर राहिलेल्या माणसाची दाढी वाढलेली असते, कपडे मळलेले असतात, पायात चप्पल नसते. बाजूच्या सहा जणांनी सकाळी दाढी केलेली असते. १९९९ मध्ये मुंबईतल्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच पाहिले. आरोपीला दाढी होती, केस लांब होते, पण रांगेत तसा दुसरा कुणी उभा केलेला नव्हता. शिवाय परेडला पाच आठवड्यांचा उशीर झाला होता आणि दंडाधिकारी उपलब्ध नव्हते हे कारण न्यायालयाला पटले नाही. ती ओळख पुराव्यातून बाद झाली.

त्याहून मोठा घोटाळा परेडच्या आधी होतो. अटकेच्या क्षणापासून आरोपीचा चेहरा झाकलेला असायला हवा, आणि ते तसे होते हे अखंड साखळीने सिद्ध करावे लागते. अटक पंचनाम्यात नोंद, कोठडीच्या रजिस्टरमध्ये नोंद, रिमांडसाठी कोर्टात आणताना बुरखा, गाडीतून उतरवताना बुरखा. यातली एक कडी तुटली तरी पुरते. रिमांडच्या दिवशी फिर्यादीला त्याच कोर्टाच्या व्हरांड्यात बोलावलेले असते, ‘सही करायची आहे’ म्हणून. साक्षीदाराला ठाण्यात ज्या बाकावर बसवतात तिथून लॉकअपचा दरवाजा दिसतो. आरोपीचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात येतो, आणि आता तर अटक झाल्याच्या तासाभरात व्हॉट्सॲपवर फिरतो. मग परेडमध्ये साक्षीदार घटनेच्या रात्रीचा चेहरा ओळखतो की काल फोनवर पाहिलेला, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. परेडपूर्वी फोटो दाखवले असतील तर परेडला अर्थ उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांतही सांगितलेले आहे.

फोटो दाखवण्याची दुसरी बाजू नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या प्रकरणात दिसली. एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या, बलात्कार, असा तो अंगावर काटा आणणारा गुन्हा होता. वाचलेल्या महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार माणसे दाखवली होती. त्या चौघांचा पाठपुरावा झाला नाही. खटला उभा राहिला तो भटक्या जमातीतल्या वेगळ्याच सहा जणांवर. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशीची शिक्षा सुनावली. नंतर पुनर्विलोकन अर्जावर खुली सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सगळ्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि त्या चौघांविषयी पुढील तपासाचा आदेश दिला. सहा माणसांनी जवळजवळ सोळा वर्षे तुरुंगात काढली, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. चौघांना ओळखल्याची नोंद पहिल्या आठवड्यापासून कागदावर होती. तीन न्यायालयांतून ते कागद गेले, तरी ती निर्णायक ठरली नाही. पीडितेवर अविश्वास दाखवायचा नव्हता, हे समजण्यासारखे आहे. पण तिच्या पहिल्या ओळखीवर विश्वास ठेवला असता तरच तिला न्याय मिळाला असता.

कायद्याच्या दृष्टीने परेड हा मूळ पुरावा नाही. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहून सांगितलेली ओळख. परेड फक्त तिला दुजोरा देते. ही मांडणी पक्की झाली आहे, तरी ती उलटी वाटते. पिंजऱ्यात एकच माणूस उभा असतो, तोही घटनेनंतर पाच-सात वर्षांनी. तिथे चुकायला जागाच नसते. म्हणून अनोळखी आरोपीच्या बाबतीत परेडशिवाय थेट कोर्टातल्या ओळखीवर विसंबणे धोक्याचे, असे १९७९ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. इंग्लंडमध्ये ओळखीच्या पुराव्याचा अभ्यास करणाऱ्या डेव्हलिन समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर न्यायाधीशाने ज्युरीला ठरावीक इशारा देणे आवश्यक झाले : किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, उजेड कसा, मध्ये आडोसा होता का, आधी कधी पाहिले होते का, पहिल्या वर्णनात आणि आरोपीत फरक आहे का. आपल्याकडे असा बंधनकारक इशारा नाही. हे प्रश्न उलटतपासणीत विचारले गेले तर निकालपत्रात येतात, नाहीतर येत नाहीत.

मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात हा सगळा विषय पुन्हा पुढे आला. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. कबुलीजबाबांप्रमाणेच ओळखीचा पुरावाही न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखले ते शंभरहून अधिक दिवसांनी, आणि परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी तो अधिकारच उरलेला नव्हता. नेमणुकीची तारीख तपासायला पाच मिनिटे लागतात. ती तपासली नाही आणि ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्या हाती इतक्या वर्षांनंतर उत्तर राहिले नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

परेडला स्वतःचे कलम मिळाले ते २००५ च्या दुरुस्तीने, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४अ घालून. ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर दंडाधिकाऱ्याची देखरेख आणि व्हिडिओ चित्रीकरण, ही भर २०१३ ची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ती कायम आहे. इतर परेडसाठी चित्रीकरणाची सक्ती त्यात नाही, आणि ती का नसावी याचे पटेल असे कारण दिसत नाही. डमी कसे होते, साक्षीदार किती रेंगाळला, हे एका चित्रफितीत दिसेल. तोवर आरोपीच्या वकिलाने करण्यासारखे काम पहिल्या रिमांडलाच असते. आरोपीला चेहरा झाकून आणले होते की नाही, फिर्यादी पक्षाचे कुणी कोर्टात हजर होते की नाही, आरोपीचा फोटो प्रसिद्ध झाला आहे का, हे त्याच दिवशी अर्जात लिहून द्यायचे, वर्तमानपत्राचे कात्रण जोडायचे आणि त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यायला लावायची. आरोपी बहुतेक वेळा गरीब असतो आणि पहिल्या दिवशी त्याच्याजवळ वकील नसतो. तेव्हा हे विधी सेवा प्राधिकरणाकडून रिमांडसाठी नेमलेल्या वकिलाचे काम आहे. चार वर्षांनी तपास अधिकारी साक्षीला उभा राहून ‘आरोपी सतत बुरख्यात होता’ म्हणतो, तेव्हा त्याला दाखवायला एवढाच कागद हाती असतो.